मागून आवाज येतोय: नवशिक्या मोटरसायकलवाल्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

नवीन गाडी घेतलेल्या माणसाला पहिले पाचशे किलोमीटर काहीच ऐकू येत नाही. सोसायटीतले लोक आपल्याकडे बघतायत का, एवढ्याकडेच त्याचं लक्ष असतं. मग एका रविवारी तो पुण्याहून ताम्हिणीकडे निघतो. पौड मागे पडतं, मुळशीचं पाणी दिसायला लागतं, रस्ता मोकळा होतो, हेल्मेटच्या आत जरा शांतता होते आणि त्या शांततेत मागून कुठून तरी कट्... कट्... कट्... असं ऐकू येतं. हे कालही होतं की आत्ताच सुरू झालं? त्याला सांगता येत नाही. त्यानंतर घाटातले धबधबे, धुकं, टपरीवरची कांदाभजी, सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून जातं. तो फक्त ऐकत असतो.

ही मार्गदर्शिका त्या माणसासाठी आहे. मी मेकॅनिक नाही, बँकेत नोकरी करतो. माझी पात्रता एवढीच की खाली ज्या चुका करू नका असं म्हटलं आहे, त्यातली प्रत्येक मी स्वखर्चाने केलेली आहे.

साहित्य

मोटरसायकल एक, शक्यतो मेन स्टँडसकट. लांबच्या प्रवासाची म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक गाड्यांना आजकाल मेन स्टँड वेगळे पैसे देऊन घ्यावा लागतो. तो नसेल तर पॅडॉक स्टँड, आणि तोही नसेल तर एक धडधाकट मेहुणा, जो गाडी साइड स्टँडवर कलती धरून मागचं चाक अधांतरी ठेवील. लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर एक. स्टीलची फूटपट्टी. खडू. जुनं बनियन. थोडं रॉकेल किंवा चेन क्लीनर, मऊ ब्रश आणि ९० नंबरचं गिअर ऑइल.

शिवाय मागे बसणारी व्यक्ती एक. हिला कमी लेखू नये. गाडी चालवणाऱ्याच्या कानात वारा असतो आणि मनात गाडीवरचं प्रेम असतं, त्यामुळे त्याला आवाज उशिरा ऐकू येतो. मागे बसणाऱ्या व्यक्तीला गाडीबद्दल काहीही वाटत नसतं. आमच्याकडे 'अहो, काहीतरी वाजतंय' हे वाक्य पहिल्यांदा माणगावच्या अलीकडे उच्चारलं गेलं. मी म्हणालो, 'रस्ता खराब आहे.' रस्ता उत्तम होता.

आवाजाचं वर्णन करणे

इथे मराठी माणूस हमखास घसरतो, कारण आपल्याकडे शब्दांना तोटा नाही. खडखड, खुळखुळ, खटखट, कटकट, किरकिर, कुरकुर, गुरगुर, घरघर, करकर, चरचर. नवशिका गॅरेजात जातो आणि यातले चार शब्द एका दमात वापरतो. 'म्हणजे कसंय, आधी खुळखुळ होते, मग जरा घरघरल्यासारखं, पण मधूनच एक खट्.' मग तो तोंडाने आवाज काढून दाखवतो. पोऱ्या हसतो. मिस्त्री हात पुसत पुसत एकच प्रश्न विचारतो, 'कधी येतो?'

याचं उत्तर आपल्याकडे नसतं. आवाज कसा आहे याचा अभ्यास करण्यात आपण आठवडा घालवलेला असतो आणि तो कधी येतो हे बघायचं राहून गेलेलं असतं. वास्तविक 'कसा' हे मिस्त्रीच्या फार कामाचं नसतं. तीच गुरगुर चाकाच्या बेअरिंगची असते, ताणलेल्या साखळीची असते आणि जाड गोट्यांच्या टायरचीसुद्धा असते. तेव्हा वहीत वर्णन लिहू नका. वेग, गिअर, रेस दिली होती की सोडली होती, क्लच धरला होता की नव्हता, मागे कुणी होतं का, सामान होतं का, पाऊस होता का, एवढंच लिहा.

'कधी' हे ठरवायची रीत अशी. सरळ, रिकामा, हलक्या उताराचा रस्ता शोधा. घाट नको. ताशी पन्नासच्या आसपास जा, आवाज सुरू झाला की क्लच दाबा आणि इंजिन मंद फिरू द्या, बंद करू नका. आवाज तसाच राहिला तर तो चाकाच्या बाजूचा: बेअरिंग, साखळी, टायर, ब्रेक. गायब झाला तर इंजिन, क्लच, गिअरबॉक्स यांच्याकडे बघायचं. मग तोच वेग ठेवून एक गिअर खाली टाका. इंजिन जोरात फिरेल, चाक तेवढंच फिरेल. आवाजाची लय वाढली तर तो इंजिनाबरोबर चालतो, नाही वाढली तर चाकाबरोबर. शेवटी रेस एकदा द्या, एकदा सोडा. नेमका त्या क्षणी खटका बसत असेल तर ओढ बदलताना कुठेतरी ढील आहे.

दहा मिनिटांचं काम आहे. मी ते तीन महिने केलं नाही.

साखळी: कोरडी, ढिली आणि टाइट

दूधवाल्याच्या स्प्लेंडरची साखळी कव्हरमध्ये पूर्ण झाकलेली असते. जुन्या येझदीचीही असायची. आपण दुप्पट-तिप्पट पैसे देऊन जी दणकट, जग फिरायची गाडी घेतो, तिची साखळी मात्र उघडी. चिखल, वाळू, पाऊस थेट तिच्यावर. आजच्या रोलर साखळीचं पेटंट हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस माणसाने १८८० साली मँचेस्टरमध्ये घेतलं. त्यानंतर तिच्यात झालेली मोठी सुधारणा म्हणजे पिनांमध्ये कारखान्यातच ग्रीस भरून ते रबराच्या बारीक रिंगांनी आत कोंडून टाकणं. म्हणून अशी साखळी पेट्रोलने धुवायची नसते आणि तारेच्या ब्रशने घासायची नसते. रिंग गेली की आतलं ग्रीस गेलं, आणि ते वरून फवारा मारून परत आत जात नाही.

कोरडी साखळी पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी बोलते. चिमण्या वळचणीला आल्यासारखी चिवचिव. तेल लावलं की थांबते. तेल प्रवास संपल्यावर, साखळी कोमट असताना लावावं. निघायच्या आधी लावलं की सगळं मागच्या रिमवर आणि पॅण्टवर येतं.

ढिली साखळी कमी वेगाला वरच्या गिअरमध्ये खडखडते, स्विंग आर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) किंवा कव्हरवर आपटते. तिचं दुखणं लपत नाही.

टाइट साखळीबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण बहुतेक नवशिके ढिल्या साखळीला भितात आणि टाइट साखळीचा त्यांना अभिमान वाटतो. रोडच्या गाड्यांना साखळीच्या मध्यावर साधारण २५ ते ३५ मिलिमीटर ढील सांगितलेली असते, उंच गाड्यांना त्याहून जास्त. नेमका आकडा मॅन्युअलात किंवा स्विंग आर्मवरच्या स्टिकरवर असतो. रिकामी गाडी स्टँडवर असताना ही ढील डोळ्यांना बेंगरूळ दिसते. वाटतं, काढावी थोडी. पण गाडीवर वजन पडलं की मागचं चाक वर सरकतं, आणि पुढचं स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चक्र), स्विंग आर्मचा सांधा आणि मागचा अॅक्सल हे तिन्ही एका रेषेत आले की साखळी सगळ्यात जास्त ताणली जाते. म्हणजे घरी पार्किंगमध्ये जी साखळी छान सुबक वाटते, ती आपण, बायको, दोन बॅगा आणि सासूबाईंसाठी घेतलेला फणस यांच्यासकट एका खड्ड्यात गेली की तारेसारखी ताठ होते. ती लगेच तुटत नाही. ती गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टचं बेअरिंग आणि मागच्या चाकाची बेअरिंगं खाते. आणि हे खाताना घोंघावते.

आता साखळीच्या सुराबद्दल, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि शोधून काढल्यावर फार आनंद झाला. मागच्या चाकाचा घेर साधारण दोन मीटर धरा. ताशी ६० ला चाक सेकंदाला आठपेक्षा थोड्या जास्त फेऱ्या मारतं. मागच्या स्प्रॉकेटला ४० दात असतील तर सेकंदाला सुमारे ३३० वेळा एकेक कडी दातावर बसते. हार्मोनियमवर मधल्या सप्तकात ही जवळजवळ पांढरी तीन येते. ताशी ६० ला गाडी बारीक आवाजात पांढरी तीनमध्ये गुणगुणत असेल तर घाबरू नका, तो तिचा षड्ज आहे. सूर तोच राहून आवाज मोठा झाला तर मात्र तेल आणि ताण बघा.

मेन स्टँडवर

इथे एक गोष्ट विनोद बाजूला ठेवून सांगतो. मागचं चाक हाताने फिरवायचं, गाडी न्यूट्रलमध्ये आणि इंजिन बंद. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या साखळीला फडकं लावणारे लोक असतात. फडकं साखळी आणि स्प्रॉकेटच्या मध्ये ओढलं जातं आणि त्याच्यामागे बोट जातं. साखळी पुसायला कितीही वेळ लागला तरी हातानेच फिरवा.

आता खडूने टायरवर एक रेघ मारा आणि चाक सावकाश फिरवत आवाज मोजा. माझ्या गाडीला पुढे १५ दात, मागे ४० आणि साखळीला ११० कड्या. आवाज चाकाच्या एका फेरीला एकदाच आला तर तो चाकाचा, मागच्या स्प्रॉकेटचा किंवा ब्रेकच्या डिस्कचा. एका फेरीत अडीचपेक्षा थोड्या जास्त वेळा आला तर पुढच्या स्प्रॉकेटचा. आणि चाकाच्या पावणेतीन फेऱ्यांनी एकदा आला तर साखळीतली एखादी कडी आखडलेली आहे, कारण ११० कड्या पूर्ण फिरायला ४० दातांच्या पावणेतीन फेऱ्या लागतात. अशी कडी खालून जाताना नीट सरळ होत नाही, मान मुरगळल्यासारखी वाकडी राहते. खडूने खूण करून ठेवा. शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत ते काही अगदीच वाया गेलं नाही.

साखळी झिजली आहे का, हे आवाजावरून कळत नाही. फूटपट्टीवरून कळतं. ५२० नंबरच्या नव्या साखळीच्या २० कड्या ३१७.५ मिलिमीटर भरतात. साखळी खालच्या बाजूने ताणून पिनेच्या मध्यापासून मोजा, आणि मॅन्युअलातली मर्यादा ओलांडली असेल तरच खिशात हात घाला. दुसरी खूण म्हणजे मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला साखळी चिमटीत धरून मागे ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेन-स्प्रॉकेट सेट संपला. दात एका बाजूला कललेले, लाटेसारखे दिसत असतील तर ओढायचीही गरज नाही.

तिथेच बसल्या बसल्या दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून ठेवायला मेहुण्याला सांगा आणि आपण स्प्रॉकेट मागेपुढे हलवा. चाकाच्या हबमध्ये रबरांचे तुकडे बसवलेले असतात. इंजिनचा झटका ते पोटात घेतात. गॅरेजात त्यांना कपलिंग रबर म्हणतात. ती कडक झाली किंवा झिजली की सिग्नलवरून निघताना आणि रेस सोडताना मागून खट् येतो आणि आपण गिअरबॉक्स गेला म्हणून रात्रभर जागतो. नवीन रबरं महाग नसतात. सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून मध्ये भरायची युक्ती कुणीतरी तुम्हाला सांगेलच. ती चालते, काही महिने.

क्लच आणि गिअरबॉक्सचं थोडक्यात आटोपतो, कारण तिथे काही वाजत असेल तर ते आपल्या आवाक्यातलं काम नाही. न्यूट्रलला उभ्या गाडीत येणारी घरघर क्लच दाबल्यावर थांबत असेल तर ती क्लच बास्केटची किंवा गिअरबॉक्सच्या आत येणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगची; बऱ्याच गाड्यांत ती जन्मापासून असते. क्लच दाबल्यावरच सुरू होत असेल तर क्लचचं रिलीज बेअरिंग. सकाळी थंड इंजिनवर पहिला गिअर टाकताना येणारा खटॅक हा बहुधा आजार नसून स्वभाव असतो. एकाच गिअरमध्ये आवाज, बाकी शांत, असं असेल तर ऑइल काढून त्यात धातूचा चुरा आहे का ते बघायला सांगा. ज्यांच्या गाडीला साखळीऐवजी शाफ्ट आहे (बीएमडब्ल्यूने १९२३ मध्ये आपल्या पहिल्या मोटरसायकलपासूनच शाफ्ट दिला) त्यांनी मागच्या गिअरमधलं ऑइल वेळेवर बदलावं. त्यांच्या अडचणी वेगळ्या आणि महाग आहेत, त्यात मी पडत नाही.

स्क्रू ड्रायव्हरचा उपयोग राहिला. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरांनी कागदाची गुंडाळी रोग्याच्या छातीला लावली आणि स्टेथोस्कोप जन्माला आला. मिस्त्री तेच करतो. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनच्या कव्हरवर, मूठ कानामागच्या हाडावर, डोळे मिटलेले. तुम्हीही करून बघा. सगळीकडून भयंकर आवाज ऐकू येतील. निरोगी इंजिन आतून कसं वाजतं हे माहीत नसल्यामुळे तुम्हाला काहीही कळणार नाही, पण बघणाऱ्यांवर छाप पडते.

भोंदू आवाज

गाडी उघडण्याआधी हे तपासा: नंबर प्लेट, बॅगांच्या सळ्या, मेन स्टँडची स्प्रिंग, सायलेन्सरवरची जाळी, बॅगेतला स्टीलचा डबा. गोट्यांचे टायर डांबरावर घोंघावतात, आणि रेघा मारलेल्या सिमेंटच्या रस्त्यावर तर साधे टायरही. सिमेंटच्या रस्त्यावर कुठलंही निदान करू नये. रस्ता बदलल्यावर आवाज बदलला तर तो टायर आहे, देवाचे आभार माना.

एक प्रत्यक्ष उदाहरण

माझी गाडी गेल्या फेब्रुवारीत घोंघावू लागली. मागे कुणी बसलं, रेस दिली की जास्त. क्लच दाबला की कमी, पण पूर्ण बंद नाही. मी वर्णनावर आठवडा घालवला. मग साखळीचा आवाज असं ठरवून ती जरा टाइट केली. आवाज वाढला. म्हणजे अजून थोडी टाइट करायला हवी, असं माझ्या बुद्धीने ठरवलं. मेपर्यंत मी ६,४०० रुपये मोजून नवा चेन-स्प्रॉकेट सेट बसवून घेतला. गॅरेजवाला म्हणत होता, आधी मोजून बघू. मी म्हणालो, मोजायचं काय त्यात, ऐकू येतंय ना.

जूनमध्ये दिवेआगरला निघालो, माणगावपर्यंत पोचलो आणि वर सांगितलेलं वाक्य मागून आलं. एसटी स्टँडच्या जवळ एका शेडमध्ये पंचविशीचा मुलगा बसला होता. मी सुरू झालो, 'घोंघों, पण मध्येच जरा कर्र...' तो म्हणाला, 'काका, चहा घ्या.'

त्याने गाडी मेन स्टँडवर घेतली आणि कान लावला नाही. जनावराच्या पाठीवर हात ठेवावा तसा डाव्या हाताचा तळवा स्विंग आर्मवर ठेवला आणि उजव्या हाताने चाक सावकाश फिरवलं. दोन फेऱ्या. मग अॅक्सल सैल केला, साखळी स्प्रॉकेटवरून खाली उतरवली आणि चाक एकटं फिरवलं. ते बिनआवाज फिरलं. मग त्याने स्प्रॉकेट दोन बाजूंनी धरून आडवं हलवलं. ते लचकत होतं. स्प्रॉकेट ज्या तबकडीवर बसतं तिला स्वतःचं एक बेअरिंग असतं, चाकाच्या बेअरिंगांहून वेगळं. चाक काढल्यावर त्याने माझं बोट त्या बेअरिंगच्या आतल्या कड्यात घातलं आणि म्हणाला, 'फिरवा.' कर्र, कर्र, भाकरीत खडा लागावा तसं. 'साखळी टाइट कुणी केली?' त्याने विचारलं. मी चहा घेत होतो.

बेअरिंगवर ६२०४ असा नंबर होता. शेवटचे दोन आकडे गुणिले पाच म्हणजे आतल्या भोकाचा व्यास, २० मिलिमीटर. हे त्यानेच सांगितलं. मोटरसायकलच्या दुकानात ते नव्हतं. चार दुकानं सोडून पाण्याचे पंप दुरुस्त करणारा होता, त्याच्याकडे मिळालं, २८० रुपयांना. तेच बेअरिंग विजेच्या मोटरीतही बसतं. मजुरी धरून सगळं पाचशेच्या आत. त्याने साखळी परत बसवली ती माझ्या डोळ्यांना लाज वाटावी इतकी ढिली, आणि मग आम्हा दोघांना बॅगांसकट गाडीवर बसायला लावून खालून बोटाने ढील तपासली.

घरी आल्यावर मी काढून ठेवलेली जुनी साखळी मोजली. २० कड्या ३१८ मिलिमीटर, म्हणजे नव्या साखळीपेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त. स्प्रॉकेटचे दात शाबूत.

तो जुना सेट, पुढे १५, मागे ४०, साखळी ५२० नंबरची, ११० कड्यांची, रॉकेलने धुऊन, तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माझ्या गॅलरीत ठेवलेला आहे. कुणाच्या गाडीला बसत असेल तर घेऊन जावा. पैसे नकोत. बसवताना ढील मात्र दुसऱ्या कुणाकडून तरी बघून घ्यावी.